पहारेकऱ्यानं पडायचं होतं

"मी काहून पडू, ते सांगा आधी," असं म्हणत गावंड्यांनी डोक्यावरची पत्र्याची टोपी काढली आणि टेबल टेनिसच्या टेबलावर आदळली.

"तुमची बॅटरी संपते म्हणून," मी म्हटलं.

"कशी संपते? पहिल्या भागात तं नाही संपली. पहिल्या भागात आग लागली, भुयार खचलं, तरी हा गडी दारात उभाच्या उभा. आन् आता दुसऱ्या भागात सिस्टरनं दोन चापटा हाणल्या का धप्पकन खाली? लोक खुर्च्या फेकतील बाप्पा आपल्यावर!"

"चापटा नाही हाणत मी," भारती तळेकर कमरेला ओढणी घट्ट बांधत म्हणाली. "चांगली लाथ घालते. काल पोटरीला बसली तेव्हा 'आई गं' कोण म्हणालं होतं?"

सगळे हसले. गावंडेही हसले, पण टोपी काही त्यांनी परत डोक्यावर चढवली नाही. त्या दिवशीची तालीम तिथंच अडकली.

ही गोष्ट भुसावळजवळच्या एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतली, मोबाइल यायच्या आधीची. मी केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, हे माझं काम. उरलेला सगळा जीव नाटकात. माझा नवरा अच्युत तिथंच इंजिनिअर होता आणि वसाहतीच्या नाट्यमंडळाचा सेक्रेटरी. गावंडे कोळशाच्या विभागात ऑपरेटर होते, मूळचे अकोल्याकडचे. उंच, रुंद, आणि आवाज असा की कोळशाचे पट्टे चालू असतानाही ऐकू जावा. भारती आमच्या दवाखान्यातली नर्स.

नाटकाचं नाव 'सातवा पहारेकरी'. वर हवा विषारी झाली म्हणून माणसं जमिनीखाली राहायला गेली आहेत, आणि भुयाराच्या दाराशी सात नावाचा यंत्रमानव पहारा देतोय, अशी कथा. पहिल्या भागात लोक दार उघड म्हणून त्याच्या विनवण्या करतात, त्याला शिव्या देतात, तो हलत नाही, आणि त्यामुळेच सगळे वाचतात. वाफेच्या नळांवर गुंडाळतात तो ॲल्युमिनियमचा पत्रा अंगभर लावून गावंडे दारात उभे राहिले आणि त्यांनी प्रेक्षक खिशात घातले. स्पर्धेतून अभिनयाचं पदक घेऊन आले. वसाहतीतली पोरं त्यांना वर्षभर 'सातकाका' म्हणत होती.

तो भाग मी लिहिला होता, पण बसवायला पुण्याहून एक गृहस्थ आणले होते. त्यांनी माझ्या संहितेचं काय केलं ते जाऊ द्या. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर ते चढले, तेव्हा लेखिका मागे चहाच्या रांगेत उभी होती. म्हणून दुसऱ्या भागाच्या वेळी मी मंडळाला स्पष्ट सांगून टाकलं, लिहीन मी आणि बसवीनही मीच. जमत नसेल तर दुसरं नाटक शोधा.

दुसऱ्या भागात वरची हवा केव्हाच शुद्ध झालेली आहे, पण हे सातला कुणी सांगितलेलं नाही. तो दार अडवून उभाच. भुयारात जन्मलेली आसावरी, म्हणजे भारती, तिला बाहेर जायचंय. ती आधी भुयाराची मुख्य वीज तोडते. अंधार. आता सातकडे उरते ती फक्त छातीतली बॅटरी. मग ती त्याच्याशी लढते, त्याला हरवायला नाही, दमवायला. त्याचा प्रत्येक ठोसा त्याचीच वीज खातो. शेवटी बॅटरी संपते, सात दारातच कोसळतो, आणि आसावरी ते ओझं आपल्या हातांनी ओढून बाजूला करते आणि दार उघडते. पडदा.

मला तो शेवट जिवापाड हवा होता. आसावरीला कुणी वाट करून द्यायची नव्हती, तिनं ती काढायची होती. परवानगीनं उघडलेलं दार मला नको होतं. स्वतः लिहिलेल्या नाटकाच्या टाळ्या जिनं चहाच्या रांगेतून ऐकल्यात, तिला हे समजावून सांगावं लागणार नाही.

गावंड्यांना मात्र ते पटत नव्हतं, आणि ते मनात ठेवणारा माणूसच नव्हे तो. रोज तालमीला नवा मुद्दा.

"वहिनी, मी पहारेकरी आहो ना? मंग मी शहाणा असीन. बॅटरी कमी आहे हे मले समजते. मंग मी ठोसे मारतोच काहून? गप उभा राहीन न दारात!"

"उभं राहायलाही वीज लागते."

"नाही लागत! घोडं नाही उभ्या उभ्या झोपत? गुडघे लॉक केले का झालं. पत्रा आहे, मांस थोडीच आहे."

"गुडघे लॉक केलेत तर आसावरी तुमच्या बगलेखालून निघून जाईल. अडवायचं तर हलावं लागेल, हलायचं तर वीज लागेल."

"हं," म्हणायचे गावंडे, आणि दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी घेऊन यायचे. हा वाद मग तालमीपुरता राहिला नाही. कँटीनमध्ये टर्बाइनवाले सातच्या बाजूनं, दवाखाना आसावरीच्या बाजूनं. वीज तयार करणाऱ्या लोकांना बॅटरीवर बोलायला सांगितल्यावर आणखी काय होणार? एका ज्येष्ठ साहेबांनी तर मला पॅसेजमध्ये थांबवून विचारलं, "अहो, पण त्याला इमर्जन्सी सप्लाय कसा नाही?" मला राग यायचा, मी तावातावानं बोलायचे, आणि खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. माझ्या नाटकातल्या खोट्या यंत्राची माणसं खऱ्यासारखी काळजी करत होती.

या सगळ्यात अच्युत कोपऱ्यात टेपरेकॉर्डरपाशी बसलेला असायचा. पार्श्वसंगीत त्याच्याकडे होतं. कॅसेट पुढे घे, मागे घे, हेडफोन कानाला लाव. आम्ही भांडत असलो की तो शांतपणे बघायचा. घरी येताना मी त्याला विचारायचे, "तुला काय वाटतं रे? गावंड्यांचं काही चुकतंय का?"

"तू म्हणशील तसं," तो म्हणायचा. "नाटक तुझं आहे."

मला वाटायचं, किती नशीबवान आहे मी. बाकीच्या बायकांचे नवरे तालमीला जायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या घालतात.

वाद मिटला तो एका संध्याकाळी, चहाच्या सुट्टीत. गावंडे पुन्हा घोड्यावर आले होते. मी म्हटलं, "बरं. तुम्ही लढायच्या पवित्र्यात उभे राहा. गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे. आम्ही चहा पितो. चहा संपेपर्यंत राहिलात तर सात पडणार नाही, माझा शब्द."

"पक्कं?"

"पक्कं."

ते उभे राहिले, अंगावर पत्रा, कपाळावर ती टोपी. भारतीनं मुद्दाम चहा फुंकून फुंकून प्यायला घेतला. आधी हात खाली यायला लागले, मग गुडघे लटलटायला लागले, मग पत्रा खडखडायला लागला. सगळे खिदळत होते, पण गावंड्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांना काहीतरी कळत होतं. भारतीचा चहा अर्धाही झाला नव्हता तेव्हा ते खाली बसले.

"हरलो वहिनी," ते म्हणाले. त्यात कुरकुर नव्हती. "तुमचा मुद्दा बरोबर आहे. निसतं अडवून धरायलाच माणसाची वाट लागते. पडतो मी. असा पडतो का मागच्या रांगेतला माणूस दचकला पाहिजे."

आणि खरंच, पुढच्या प्रत्येक तालमीत ते असे पडायचे की हॉलच्या खिडक्या वाजायच्या. कोपर सोलवटून घेतलं त्यांनी. त्या पडण्याला मी संगीत ठेवलं नव्हतं. पत्रा जमिनीवर आदळल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. त्या शांततेत आसावरीनं त्याला ओढायचं.

स्पर्धा जळगावला होती. आमच्यासारख्या वसाहतींतले संघ एकमेकांसमोर नाटकं करायचे, तसली. आमचा प्रयोग दुपारचा, सगळ्यात शेवटचा. निघताना नारळ फोडला, नटराजाच्या फोटोला हार घातला, आणि बसमध्ये गावंडे जरा जास्तच खुशीत दिसले. दोनदा माझ्याकडे बघून उगाच हसले. मला वाटलं, स्पर्धेचं दडपण आहे, एकेकाला असं होतं.

तिसरी घंटा झाली. मी डाव्या विंगेत, अच्युत समोर उजव्या विंगेत टेपरेकॉर्डर घेऊन, आणि आमच्या दोघांच्या मध्ये रंगमंच. प्रयोग रंगला. लढाईच्या प्रसंगात एकच निळा दिवा होता, त्यात गावंड्यांचा पत्रा चमकायचा आणि विझायचा. भारती त्यांच्याभोवती गरगर फिरत होती. सातचे ठोसे हळू होत गेले, गुडघे वाकले. पत्रा खडखडायला लागला. आता पडायचं होतं.

ते पडले नाहीत.

वाकलेले गुडघे त्यांनी सरळ केले. ताठ उभे राहिले. मला वाटलं, गडी विसरला. मग वाटलं, नाही, शेवटच्या क्षणी हट्टाला पेटला, शब्द देऊन उलटला! मी विंगेतून हातानं खुणा करायला लागले, पडा, पडा म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही, आणि त्या चंदेरी रंगाखाली ते हसले.

तेवढ्यात बासरी सुरू झाली.

माझ्या शेवटाला बासरी नव्हती. माझ्या शेवटाला काहीच नव्हतं. मी समोर पाहिलं. अच्युत खाली वाकून टेपरेकॉर्डरचा आवाज हळूहळू वाढवत होता, अगदी सरावलेल्या हातानं. त्यानं मान वर केली नाही.

सात एक पाऊल बाजूला सरकला. त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडलं. मागून पिवळा प्रकाश आला. तो प्रकाशही माझा नव्हता. आणि गावंड्यांचा तो आवाज सगळ्या नाट्यगृहात भरला, "जा, आसावरी. आता मी तुला अडवणार नाही. जा!" भारतीनं वाकून सातच्या पायांना हात लावला आणि ती उजेडात निघून गेली. म्हणजे भारतीलाही ठाऊक होतं. दिवेवाल्यालाही. माझ्या नाटकाचा शेवट ठाऊक नसलेली त्या नाट्यगृहातली सगळी माणसं खुर्च्यांवर बसली होती, आणि त्यांच्याशिवाय विंगेत एक मी.

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

मी रंगमंचावर गेले ती गावंड्यांच्या अंगावर धावून जायला. माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण त्यांनी मला बघितलं आणि तो एवढा मोठा माणूस, पत्रा करकरवत, माझ्या पायाशी वाकला.

"वहिनी, लय मोठ्या मनाच्या तुमी! खरं सांगतो, साहेबानं सांगतलं तेव्हा माह्या डोळ्यात पाणीच आलं. वादात तुमी जिंकल्या होत्या न, तरी माह्यासाठी शेवट बदलून देल्ला. आन् ते वाक्य! 'आता मी तुला अडवणार नाही.' काय लिहिलं हो तुमी!"

"मी लिहिलं?"

"ताई, आम्हाला सगळं माहीत आहे," भारती घाम पुसत हसली. "अच्युतदादांनी तुमची लॅबला दुसरी पाळी होती ना, तेव्हा तालीम घेतली. म्हणाले, तिला तोंडानं हरले म्हणायला आवडत नाही, तिच्यापुढे विषय काढू नका. आणि रंगीत तालमीला जुनाच शेवट करा, दुसऱ्या संघांची माणसं बघायला येतात, नवा फुटेल. किती अवघड गेलं आम्हाला गप्प बसायला!"

ती दोघं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी मागे वळले तर अच्युत कॅसेटी पिशवीत भरत होता.

"अच्युत."

"ऐकल्यास टाळ्या?" तो म्हणाला. "आता काही बोलू नकोस. घरी बोलू."

एवढ्यात एक स्वयंसेवक आला, परीक्षक बोलावताहेत म्हणाला. मेकअपच्या खोलीबाहेर मुख्य परीक्षक उभे होते. पांढऱ्या दाढीचे, सौम्य गृहस्थ. त्यांच्या हातात आम्ही दिलेली संहिता होती.

"प्रयोग सुंदर झाला," ते म्हणाले. "पण शेवट इथे लिहिलाय तो नाही. नियम तुम्हाला ठाऊकच असेल. दिग्दर्शकानं शेवट बदलला असेल तर आमची हरकत नाही. कलाकारांनी परस्पर बदलला असेल तर मात्र प्रयोग बाद करावा लागतो. म्हणून विचारतो."

"हिचाच निर्णय, सर," अच्युत म्हणाला. "ऐनवेळी सुचलं तिला."

"मी बाईंना विचारतोय," परीक्षक म्हणाले.

मेकअपच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गावंडे लोखंडी पेटीवर बसले होते आणि भारती त्यांच्या पाठीवरचे पत्र्याचे बंद सोडवत होती. ते तिला काहीतरी रंगवून सांगत होते, हातवारे करत. चंदेरी रंग मानेवरून ओघळत होता. माझ्या एका 'नाही'वर त्यांचं सगळं जाणार होतं, आणि त्यांनी काही केलेलं नव्हतं. ज्यानं केलं होतं, त्याचं काहीच जाणार नव्हतं. तो तर रंगमंचावरही नव्हता.

"हो," मी म्हटलं. "माझाच."

अच्युतनं सुटकेचा श्वास सोडला. तो मला अजून ऐकू येतो.

आमचा संघ पहिला आला. गावंड्यांना अभिनयाचं पहिलं पदक, मला दिग्दर्शनाचं. व्यासपीठावर परीक्षक माइकवरून म्हणाले, "यंत्रानं बाजूला होऊन तिला वाट देणं, हा दिग्दर्शिकेला सुचलेला क्षण या स्पर्धेतला सर्वोत्तम क्षण आहे." मी ढाल हातात घेऊन उभी होते. माझ्या नावानं टाळ्या वाजत होत्या, अगदी माझ्या नावानं, आणि मला पुन्हा त्या चहाच्या रांगेत जाऊन उभं राहावंसं वाटत होतं. तिथं निदान खोटं कुणी बोलत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं आलं होतं. मागे गाणी चालली होती, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पायाखाली चुरचुरत होती. मी खिडकीशी, शेजारी अच्युत. तो हळूच म्हणाला, "रागावलीस ना? मला माहीत होतं रागावशील. पण जिंकलीस की नाही? तुझ्या शेवटानं आपण तिसरेही आलो नसतो, सुलभा. लोकांना सात उभा हवा होता."

"हे मला कधी म्हणालास?"

"तुझ्याशी वाद कोण घालणार?" तो हसत म्हणाला. अगदी प्रेमानं.

तेवढ्यात गावंडे आमच्या पुढच्या सीटवर गुडघे टेकून, पाठ टेकायच्या जागी हात ठेवून, तोंड आमच्याकडे करून बसले. रंग पुरता निघाला नव्हता, कानामागे चंदेरी राहिलं होतं. गळ्यात पदक.

"वहिनी, एक विचारायचं आहे. केव्हाचं विचारीन म्हणतो."

"विचारा."

"एवढे दिवस आपण भांडलो. मी घोडं काय सांगतलं, लॉक काय सांगतलं, शहाणा पहारेकरी काय सांगतलं. तुमी एक बी ऐकलं नाही. मंग शेवटी कोणत्या मुद्द्यानं पटलं तुमाले?"

लहान मुलानं परीक्षेचे मार्क विचारावेत तसे ते बघत होते. मी तोंड उघडलं, पण अच्युत पुढे झाला.

"अरे, तो बॅटरीचा मुद्दा रे तुझा," तो म्हणाला. "ठोसा मारला की वीज खर्च होते, तो. तोच पटला तिला. घरी आल्यावर म्हणाली, गावंडे बरोबर बोलतोय."

गावंडे हसत होते. हसता हसता थांबले.

"साहेब," ते म्हणाले, "बॅटरीचा मुद्दा तं वहिनींचा होता."

"तेच ते."

"तेच कसं? त्या मुद्द्यानं तं मी पडत होतो. मी त्याच्याच विरोधात भांडत होतो न. तुमी तं रोज तिथंच बसले होते, साहेब."

अच्युतनं खांदे उडवले. तो त्या कोपऱ्यात रोज बसला होता, हेडफोन गळ्यात घालून, आणि आमच्यातलं कोण काय म्हणत होतं हेसुद्धा त्यानं ऐकलेलं नव्हतं. शेवट बदलला त्याचं मला जेवढं लागलं होतं, त्याच्यापेक्षा हे जास्त लागलं. न पटून बदललं असतं तर निदान आधी समजून तरी घेतलं असतं. त्याला माझं म्हणणं काय होतं तेच ठाऊक नव्हतं.

गावंडे आता माझ्याकडे बघत होते. "वहिनी?"

परीक्षकांना मी खोटं सांगितलं होतं, या माणसासाठी. पण या माणसालाच खोटं सांगायचं, हे मला जमेना. माझ्याशी तो तोंडावर भांडला होता.

"गावंडे," मी म्हटलं, "मला तुमचा एकही मुद्दा पटला नव्हता. अजूनही नाही. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. तुम्ही पडायचं होतं."

ते अच्युतकडे बघून फक्त "साहेब?" म्हणाले.

"अरे, जाऊ दे ना आता," अच्युत म्हणाला. "पदक मिळालं ना तुला?"

"मी पडलो असतो, वहिनी," गावंडे म्हणाले. "शब्द देल्ला होता तुमाले. मी पडलो असतो न."

"मला माहीत आहे."

ते उठले. मागे गाणी म्हणणाऱ्यांनी "सातकाका, या इकडे!" म्हणून हाका मारल्या, पण ते पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसले. वसाहतीचं फाटक येईपर्यंत आम्हाला त्यांची पाठच दिसत होती. फाटकाशी पोरं गुलाल घेऊन उभी होती. गावंडे त्यांच्यातून वाट काढत तसेच घरी गेले.

आम्ही घरी आलो. अच्युतनं ढाल टीव्हीवर ठेवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली, जराशी सरळ केली. मग त्यानं माझ्यासाठी चहा केला. आलं घालून, मला आवडतो तसा. कप माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर बसला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "काय गरज होती त्याला सांगायची? बिचारा इतका खुशीत होता."

त्याला खरंच कळलं नव्हतं. माझ्याकडे मुद्दे होते. रात्रभर पुरतील एवढे होते, आणि सगळे बिनतोड होते. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहा प्यायला लागले.

त्यानंतर मी अच्युतशी कशावरच वाद घातलेला नाही. भारती अजून कधीमधी येते, सुना-जावयांच्या कटकटी सांगते, आणि जाताना म्हणते, "ताई, तुमच्या घरासारखं घर नाही बघितलं. इतक्या वर्षांत तुमचा दोघांचा चढलेला आवाज कधी ऐकू आला नाही."

अच्युत तेव्हा पेपरातून मान वर करतो आणि समाधानानं हसतो.